दारावरचा रिकामा कंस

मी एक जुनी पाटी आहे. दारावरची, नावाची. मित्रांनो, शाळेतल्या दगडी पाटीशी माझी गल्लत करू नका. तिच्यावर चुकलं तर ओल्या बोटाने पुसता येतं. माझ्यावर जे लिहिलं जातं ते ऑइल पेंटने, आणि माझं तोंड कायम जिन्याकडे. लाज वाटली म्हणून पाठ फिरवावी, अशी सोय पाट्यांना देवाने ठेवलेली नाही.

जुनी म्हणते ते लाकडामुळे. अक्षरं त्यामानाने अलीकडची. लालबागच्या चाळीत काशीराम गवसांच्या खोलीला पोटमाळा होता, त्याची मी एक सागाची फळी. माझ्यावर गावाहून आलेले पाहुणे झोपत, नारळ घरंगळत, आमसुलांची बरणी वर्षभर बसून असे. तेव्हा माझ्यावर कोणी काही लिहिलेलं नव्हतं आणि मला कशाचीही लाज वाटत नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे फार उशिरा ध्यानात आलं.

ऐंशी साल उलटल्यावर गवसांनी अंधेरी पूर्वेला सोसायटीत ब्लॉक घेतला. चाळीतली खोली सोडताना माळा मोडला. बाकीच्या फळ्या चुलीत गेल्या. मला वनमालाबाईंनी, म्हणजे गवसांच्या पत्नीने, हातात धरून ठेवलं. "सागाची आसा. टाकूक नको," म्हणाल्या. त्यांना माझा पाट करायचा होता. झाले असते तर आज सुखात असते. पाटावर माणसं बसतात, पण पाटाला कोणी वाचत नाही.

चाळीत दारावर नावं नसतात, कारण दारं लावलेलीच नसतात. सोसायटीत दारं बंद असतात, म्हणून आत कोण आहे ते बाहेर लिहावं लागतं. आणि एकदा लिहायचंच म्हटल्यावर माणूस नुसतं नाव लिहून थांबत नाही. आमच्या जिन्याने वर येऊ लागलं की तळमजल्यावर भेटायचे एम.ए. (अर्थशास्त्र). पहिल्या मजल्यावर बी.कॉम. (ऑनर्स). त्यांच्या शेजारी एक गृहस्थ होते, त्यांच्या पाटीवर कंसात (निवृत्त) एवढंच होतं. कशातून ते शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही, पण त्यांना लोक वाकून नमस्कार करत. आणि दुसऱ्या मजल्यावर, आमच्या अगदी समोर, सेक्रेटरी श्यामसुंदर नाडकर्णी, बी.ए., एल्‌एल.बी. (मुंबई). ती पाटी काळ्या अॅक्रिलिकची होती. दिवसभर आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघत असायचो. तिच्यात मला माझं प्रतिबिंब दिसायचं. ते तिने मुद्दाम केलं असावं.

काशीराम गवस विमा कंपनीत हेडक्लार्क होते. शिक्षण मॅट्रिक. मॅट्रिक कंसात लिहीत नाहीत. तसा काही नियम नाही, पण सामान वर चढवताना दोन मजले वाचत आल्यावर त्यांना तो आपोआप समजला. त्यांचा मुलगा विद्याधर त्याच वर्षी बारावीला चांगल्या मार्कांनी पास होऊन इंजिनिअरिंगला गेला होता. पवईच्या मोठ्या संस्थेत नाही. तिचं गेट वडिलांनी त्याला लहानपणी तलावावरच्या सहलीला गेले असताना बसच्या खिडकीतून दाखवलं होतं, तेवढाच त्याचा तिच्याशी संबंध. मिळालं ते दुसरं कॉलेज. पण डिग्री इंजिनिअरचीच.

तर गवस मला काखेत मारून, विद्याधरला बरोबर घेऊन स्टेशनजवळच्या सीताराम पेंटरकडे आले. मला रंधा मारलेला होता, काळा रंग देऊन झाला होता. आता पिवळी अक्षरं काढायची.

"दोन ओळी," गवस म्हणाले. "वर माझं नाव. खाली विद्याधर का. गवस. आणि त्याच्यापुढे कंस."

"कंसात काय टाकू?"

"ते चार वर्षांनी."

सीतारामचा ब्रश हवेतच राहिला. "मग कंस पण चार वर्षांनी टाकू ना, साहेब."

"आत्ता टाकला तर काय बिघडतं?"

"बिघडत नाय काय." सीताराम विचारात पडला. धंद्याच्या बाजूने बघता त्याला ते पटूही लागलं. "उलट बरंच. पिवळा रंग दर डब्याला वेगळा येतो. मागाहून काढला तर थिगळ दिसतं. एक काम करतो, कंस आत्ता काढतो आणि ह्यातलाच रंग दौतीत भरून देतो. बूच घट्ट लावा. रिझल्ट लागला की या. जागा किती सोडू?"

"बी.ई. मावेल एवढी," गवस म्हणाले. मग जरा थांबून, "थोडी जास्तच सोडा. पुढे एम.ई. पण करेल."

विद्याधर बाजूला उभा होता. "बाबा, अजून पहिली टर्म पण..."

"तू गप रे. तुझ्याशी कोण बोलतंय?"

ते खरं होतं. त्याच्याशी कोणी बोलत नव्हतं. नाव त्याचं होतं, कंस त्याचा होता, आणि विचारलं जात होतं ते पेंटरला. मला मात्र तेव्हा फार अभिमान वाटला. सीतारामचा हात सुरेख होता. त्याने माझ्या उजव्या अंगाला असे दोन डौलदार कंस काढले, की बाकीची अक्षरं त्यांच्यापुढे मजूर वाटावीत. मित्रांनो, मी पहिल्या दिवशी दारावर लागले तेव्हा माझ्यावरचा सर्वांत देखणा भाग तो होता जिथे काहीच नव्हतं.

वनमालाबाईंना वाचता येत नसे. पाटी बघायला त्या बाहेर आल्या, पदराने माझ्यावरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "हे दोन इळे कित्याक काढल्यान?"

इळे म्हणजे विळे. शेतात कापणीला वापरतात ते. गवसांना हसावं की रागवावं कळेना. "विळे नाहीत ते. कंस आहे."

"मधी कायच नाय?"

"येईल."

त्या वर्षी दसऱ्याला घरातल्या कात्री-सुरीला हळदकुंकू वाहून झाल्यावर त्या तबक घेऊन दारात आल्या. उंबऱ्याला बोट लावलं, चौकटीला लावलं, आणि मग माझ्या दोन विळ्यांच्या मधोमध हळदीचा एक आणि कुंकवाचा एक ठिपका ठेवला. का, तर तिथे जागा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना गवसांनी तो ओल्या फडक्याने पुसला. समोर नाडकर्णी उभे होते ना. दर दसऱ्याला हे असंच होत राहिलं. बाई लावत, साहेब पुसत, आणि कुंकवाचा थोडासा लाल अंश रंगाच्या भेगांत उतरून राहत असे.

आमच्या नाडकर्ण्यांना कंसाचा फार शौक. नोटीस बोर्डावर त्यांचं लिहिणं मला जिन्यातून ऐकू यायचं, कारण लावण्यापूर्वी ते ती मोठ्याने वाचत. "गच्ची स्वच्छ ठेवावी (विशेषतः दुसरा मजला)." "उद्या पाणी कमी दाबाने येईल (काहींना सवय आहेच)." सभ्यपणा कंसाच्या बाहेर आणि मनातलं कंसाच्या आत, अशी ती व्यवस्था होती. मला वाटतं पुष्कळ माणसं अशीच लिहितात. लग्नाच्या जाहिरातीत "गोरी, सुशील" बाहेर असतं आणि "किंचित चष्मा" कंसात असतो. वर्तमानपत्रात पुढाऱ्याचं भाषण बाहेर आणि "(हशा)" आत. खरं काय झालं ते बघायचं असेल तर कंसात बघावं. त्या हिशेबाने माझ्यावरचा मजकूरही खराच होता. फक्त तो खरा आहे हे कोणाला मान्य करायचं नव्हतं.

कारण विद्याधर पहिल्या वर्षी दोन विषयांत राहिला. मग त्याला एटीकेटी मिळाली. मग ती एटीकेटी राहिली. गणितात गेला होता. ही बातमी समजल्यावर नाडकर्णी दारातूनच म्हणाले, "अहो गवस, कंचेभागुबेव! आधी कंस सोडवायचा असतो. तुम्ही तो दारावर टांगलात." आणि स्वतःच हसले. गवसही हसले. मग दार लावून घेतलं, आणि दाराच्या पाठीमागे जी शांतता झाली ती मला पाठीला लागली.

त्यानंतर कंस लोकांच्या सोयीचा झाला. पोस्टमन नव्या माणसाला सांगायचा, "गवस ना? दुसरा माळा, रिकाम्या ब्रॅकेटवाले." सोसायटीतली पोरं खडूने त्यात लिहायची. कधी भोपळा, कधी "मिथुन", एकदा नुसतं "भाड्याने देणे आहे". गवस ते निमूटपणे पुसत. आणि विद्याधर? तो संध्याकाळी जिना चढून यायचा, मान खाली घालून घंटीचं बटण दाबायचा आणि दार उघडेपर्यंत आपल्या चपलांकडे बघत राहायचा. बटण माझ्यापासून हातभर खाली होतं. त्या पोराने इतक्या वर्षांत एकदाही मान वर करून माझ्याकडे बघितलं नाही. त्याचंच नाव होतं, मित्रांनो. स्वतःच्या घरात शिरताना माणसाला स्वतःचं नाव टाळावं लागावं, आणि ते नाव धरून आपण उभं असावं. पाटीच्या जन्माला याहून वाईट काय येणार, असं मला वाटे.

याहून वाईट येणार होतं.

एका रविवारी समोरच्या जयंतीबाई, नाडकर्ण्यांच्या पत्नी, वर्सोव्याहून मासे घेऊन आल्या. स्वस्त मिळतात म्हणून त्या खाडीपर्यंत जात. पिशवीतून सुरमईची शेपटी बाहेर आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्याहून ताजं काहीतरी. घरात न जाता त्यांनी आमची घंटी दाबली.

"काय हो गवस, तुमचा विद्याधर वर्सोव्याला काय करतो?"

"वर्सोव्याला?"

"होडीत होता की. कोळ्याच्या. इंजिनात हात घालून कोपरापर्यंत काळा! मी हाक मारली तर 'मावशी, पापलेट नका घेऊ, आज बर्फातलंय' म्हणाला."

गवसांनी क्षणभरच वेळ घेतला. "प्रोजेक्ट," ते म्हणाले. "बोटीच्या इंजिनचा. शेवटच्या वर्षाला असतो."

"असतो का? आमच्या भाच्याला नव्हता."

"मरीनचा असतो."

जयंतीबाई "हो का" म्हणाल्या. मासे गळत होते, त्यामुळे विषय तिथेच थांबला. रात्रीच्या जेवणाआधी मात्र दाराच्या आतून मला सगळं ऐकू आलं. विद्याधरने कॉलेज कधीच सोडलं होतं. मढला जाणारी फेरीबोट बंद पडली होती तेव्हा सहज हात लावायला गेला आणि तिथेच राहिला. आता कोळीवाड्यात त्याला बोलावून नेत.

"मग आम्हाला सांगायचं नाही?" गवसांचा आवाज.

"तुम्ही कंस काढलेला, बाबा. त्यात कसं सांगू?"

"मी लोकांना काय सांगू ते सांग."

"मी इंजिनं रिपेर करतो म्हणून सांगा."

"ते कंसात बसतं का?"

मग वनमालाबाई म्हणाल्या, "झिला, हात धू आणि जेवूक बस."

यापुढची गोष्ट शकुमुळे झाली; म्हणजे तिच्यामुळे नाही, तिच्या नावावर. शकु ही विद्याधरची धाकटी बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि दिवसभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळे घरी जेवढ्यास तेवढं बोलायची. तिला बघायला चारकोपहून पाहुणे येणार असं ठरलं. मुलगा बँकेत. मुलाचे वडील राजाराम पेडणेकर, सेक्टरात स्वतःचं घर. मध्यस्थाने सांगितलं होतं की त्यांना मुलगी पसंत पडण्याजोगी आहेच, फक्त घर शिकलेलं हवं. गवसांनी मध्यस्थाला काय सांगितलं होतं ते मला त्या दुपारपर्यंत माहीत नव्हतं.

दुपारी जिना निर्मनुष्य असताना दार हळूच उघडलं. गवस बाहेर आले. एका हातात स्टूल, दुसऱ्या हातात सीतारामने दिलेली ती दौत. पिवळा रंग सुकून खडा झाला होता. त्यांनी तो रॉकेल घालून ढवळला होता; टर्पेंटाइन लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि असतं तरी आणायला वेळ नव्हता. स्टुलावर चढले.

दाराच्या फटीतून शकु म्हणाली, "बाबा, नका ना."

"तुझ्यासाठीच करतोय."

"मला नकोय."

"तू आत जा. साडीला इस्त्री कर."

त्यांनी कंसात "बी.ई." लिहिलं. हेडक्लार्कचं अक्षर, वळणदार, उजवीकडे झुकलेलं. लिहून झाल्यावर मान मागे घेऊन बघितलं, आणि त्यांच्या तोंडावर असं समाधान आलं की मला ते बघवेना. सीतारामचा शब्द खरा होता, रंग अगदी जुळला होता.

मित्रांनो, इतकी वर्षं मी रिकामी होते म्हणून लाजत होते. मला वाटायचं, काहीही चालेल, पण हे पोट भरू दे. आता भरलं होतं. समोरच्या काळ्या अॅक्रिलिकमध्ये मी स्वतःला बघितलं. दिसत होते मी कुठल्याही शिकलेल्या घरच्या पाटीसारखी. आणि तेव्हा मला कळलं की आधी जिला मी लाज समजत होते ती नुसती ओशाळगत होती. लाज ही होती. अंगावर ओली, रॉकेलचा वास मारणारी, आणि सुकायला तयार नसलेली.

पाहुणे वेळेवर आले. पेडणेकर, त्यांची बहीण मालनताई, आणि मुलगा. पेडणेकर अंगाने भरलेले, जिना चढून धापा टाकत होते. वर येताच त्यांनी मला वाचलं. "काशीराम गवस. विद्याधर का. गवस, बी.ई. वा!" मालनताईंनी मान डोलावली. समोर नाडकर्ण्यांच्या दाराची फट बोटभर वाढली, तिथे बी.ए., एल्‌एल.बी. (मुंबई) श्वास रोखून उभे असणार.

गवसांनी दार उघडलं. "या, या."

आता आपल्याकडची रीत अशी, की पाहुणा दारात पायताण काढतो. पेडणेकरांच्या पायात बूट होते, नाडीचे. वाकून एक नाडी सोडली, बूट ओढायला पाय उचलला आणि तोल गेला. आधाराला हात टेकला तो भिंतीवर नाही, माझ्यावर. पूर्ण पंजा. शंभर किलोचं शिक्षण माझ्या कंसावर येऊन आदळलं.

"बस रे देवा," म्हणत त्यांनी हात काढला, आणि तळव्याकडे बघितलं. तळव्यावर, उलटं का होईना, पण स्पष्ट, पिवळं बी.ई. उमटलं होतं.

पेडणेकर एकदा तळव्याकडे बघत, एकदा माझ्याकडे. मुलगा आपल्या वडिलांकडे. गवस जमिनीकडे. मालनताईंनी नाक वर करून हवा हुंगली. "रॉकेलचा वास येतोय," म्हणाल्या.

"पाटी... पाटीला पॉलिश केलं," गवस म्हणाले. "सकाळीच."

"फक्त कंसाला?" मालनताईंनी विचारलं.

त्याच वेळी जिन्यात पावलं वाजली. विद्याधर. शर्टावर ग्रीस, केसांत खाऱ्या पाण्याचं पांढरं. त्याला सांगितलेलं होतं की आज उशिरा ये. एक तर तो विसरला होता, किंवा विसरला नव्हता. वर येऊन तो थांबला. पेडणेकर एका पायात बूट घालून, हात पुढे धरून उभे होते, मेंदी काढलेल्या बाईसारखे.

तो काय समजायचं ते समजला. खिशातून फडकं काढलं. कोळ्यांच्या होड्यांवर वापरतात तसलं, रॉकेलमध्ये भिजून भिजून काळं पडलेलं. "द्या काका, हात द्या. पाण्याने नाही जायचं." आणि त्याने पेडणेकरांचा तळवा आपल्या हातात घेऊन, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या कडांतून रंग पुसायला सुरुवात केली. इतक्या सावकाश, की मध्येच पेडणेकरांनी अवघडून विचारलं, "तू कोण रे?"

"विद्याधर."

"म्हणजे हे..." त्यांनी दुसऱ्या हाताने माझ्याकडे बोट केलं.

"नाव माझं आहे. पुढचं माझं नाही. मी वर्सोव्याला बोटींची इंजिनं दुरुस्त करतो." मग जरा थांबून म्हणाला, "शकुला ह्यातलं काही विचारू नका. ती नको म्हणत होती."

पुसून झालं. मग त्याने मान वर न करताच, अंदाजाने हात उंच केला आणि त्याच फडक्याने माझा कंस पुसला. एकदा, दोनदा. बी.ई. गेलं. मला बरं वाटलं असं म्हणू का? वाटलं. पण त्याच क्षणी मला गवसांचा चेहरा दिसला. पुसलं जात होतं ते त्यांच्या तोंडावरून.

चहा झाला. पोहेही झाले. आठवड्याने चारकोपहून निरोप आला, पत्रिका जमत नाही. पत्रिका मागितल्याच नव्हत्या. शकु एक्स्चेंजला जाताना दारात म्हणाली, "बरं झालं. त्या मुलाने येऊन जाईपर्यंत एक शब्द काढला नाही. असा माणूस माझ्या काय कामाचा? दिवसभर 'हॅलो, हॅलो' करून घरी येऊन परत हॅलो हॅलो?" ती खरंच हसत होती की वडिलांसाठी, ते मला बाहेरून सांगता येत नाही.

गवस मात्र बदलले. जिन्यात कोणी नाही हे ऐकून मग बाहेर पडू लागले. आता बाप आणि मुलगा दोघेही मान खाली घालून घंटी दाबत. दोघांत बोलणं बंद. नाडकर्ण्यांनी नवी नोटीस लावली, "भिंती व दारे रंगवताना ओल्या रंगाची सूचना लावावी (पाहुण्यांच्या सोयीसाठी)." ती त्यांनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचली.

असे महिने गेले. खंडेनवमीच्या दिवशी गवस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बाहेर आले आणि मला काढायला लागले. स्क्रू गंजले होते. हलेनात. त्यांनी जोर केला, खाच बुजली, ड्रायव्हर निसटून बोटाला लागला. त्यांनी बोट तोंडात धरलं. मग दार लोटून आत बघत म्हणाले,

"पाना आहे का रे तुझ्याकडे?"

कितीतरी दिवसांत मुलाशी बोललेले ते पहिले शब्द.

विद्याधर पिशवी घेऊन आला. स्क्रूंवर तेलाचे थेंब सोडले, जरा थांबला, अक्षरांकडे न बघता पकडीने एकेक फिरवला. "काढून काय करायचं?" त्याने विचारलं.

"जाळायची."

"उद्या दसरो," आतून वनमालाबाई आल्या, "आणि आज पाटी काढतास? आणा हय. उद्या पुजूक लागतली."

अशी मी पहिल्यांदा त्या घरात गेले. इतकी वर्षं ज्या घराचं नाव सांगितलं, ते आतून मला माहीतच नव्हतं. लहान होतं. देवाच्या फळीवर एक गणपती आणि शेजारी शकुची बक्षिसाची वाटी. सकाळी वनमालाबाईंनी पाटावर नवं वस्त्र घातलं. त्यावर विद्याधरचे पाने, पकड, हातोडी, घरातली विळी, आणि या सगळ्यांच्या बरोबरीने मला मांडलं. झेंडू ठेवले. हत्यारांच्या रांगेत मी. कोणी म्हणेल माझा अपमान झाला. मला इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणाच्या शेजारी बसून ओशाळं वाटलं नाही.

बाईंनी तबक नवऱ्यापुढे धरलं. "तुमी लावा."

गवसांनी पान्यांना लावलं, हातोडीला लावलं. माझ्याजवळ येऊन बोट थांबलं. "इथं कुठं लावू?"

"थंय. इळ्यांच्या मधी. दर वर्साक थंयच लावतंय मी."

"तिथं का पण?"

"माका वाचूक येणा नाय. रिकामी जागा दिसली, लावलंय." मग भांडी आवरताना बोलतात तितक्या सहज, "तुमी पुसतास ता म्हायत आसा माका."

गवस वाकले. चष्मा वर केला. रॉकेलने पुसलेल्या जागी, भेगांत उतरलेला तो लाल अंश त्यांना दिसला असावा. साल-दर-साल पुसूनही राहिलेला. मग विद्याधरकडे न बघता म्हणाले,

"सीतारामला मी चार वर्षांनी म्हणालो होतो."

"रंग जुळला होता, बाबा. मी जुळलो नाही," विद्याधर म्हणाला.

गवसांनी बोट कुंकवात बुडवलं आणि दोन विळ्यांच्या मधोमध टेकवलं. ठिपका जरा मोठाच आला.

संध्याकाळी त्यांनीच मला परत दारावर लावलं. स्क्रू विद्याधरने दिले, नवे. सोनं वाटायला नाडकर्णी बाहेर आले. आपट्याचं पान हातात देता देता चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "काय हो गवस, कंसात काय लिहिलंत शेवटी?"

"लिहिलं नाही," गवस म्हणाले. "लावलंय." आणि पहिल्यांदाच दार उघडं ठेवून ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना ते माझ्यापाशी थांबले. फडकं हातात होतं. जुनी सवय. मला पुसलं, वरची ओळ, खालची ओळ, आणि कंसाच्या अलीकडे येऊन फडकं घडी करून खिशात ठेवलं.

मित्रांनो, आम्हा पाट्यांना तुमच्याकडून फार काही लागत नाही. वर्षातून एकदा तेलाचा हात, पावसाळ्यात जरा ओल टिपणं, बस. फक्त आमच्यावर एखाद्या पोराचं नाव लिहाल, तेव्हा त्याच्यापुढे काय यावं ते त्याला एकदा विचारा. आणि लिहून झाल्यावर अधूनमधून दारात उभे राहून बघा, तो घरी येताना मान वर करतो की नाही. ती लाज मी वर्षानुवर्षं बघितली आहे. तिला रंगाचा डबा पुरत नाही.

परवा विद्याधर कामावरून आला. घंटीच्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं नाही. मान वर केली. पहिल्यांदाच मला त्याचा पूर्ण चेहरा समोरून दिसला, बापासारखाच आहे. खिशातून फडकं काढलं, कोरडं होतं, आणि माझ्यावरची धूळ पुसली. कुंकवाच्या भोवतीनं, ठिपक्याला न लागता. मग घंटी वाजवली.